नूरीची कोरांटी

नावं ठेवायचं काम लोक फुकट करतात, मला त्याचा पगार मिळायचा. कोणत्या झाडाचं शास्त्रीय नाव बरोबर, कोणतं चूक, एकाच झुडपाला चार विद्वानांनी चार नावं दिली असतील तर त्यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणती बाद करायची, हा माझा आयुष्यभराचा उद्योग. अशी एकशे सात नावं मी बाद केली. एकशे सहांबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. बहुतेक नावं कुणा साहेबाच्या साहेबाची खुशामत करायला ठेवलेली होती, ती गेली ते बरंच झालं.

उरलेलं एक नाव नूरीचं होतं.

नूरी ही नूरुद्दीन नाकेदारांची मुलगी. आलापल्लीहून सिरोंच्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक वननाका होता, तिथे ते नोकरीला होते. माणसं मूळची चांद्याची. त्यांचे वडील तिथे पुस्तकं बांधायचे, त्यामुळे खळ, पुठ्ठा आणि कागद यांची सवय नूरुद्दीनभाऊंच्या हाताला लहानपणापासून. खाकी कपड्यातला तो उंच, किडकिडीत माणूस वाळलेलं पान उचलायचा तेव्हा त्याची एक शीर मोडायची नाही. आमच्या कॉलेजातल्या एम. एस्सी.च्या मुलांना ते कधी जमलं नाही.

आमचे खानझोडे सर नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि सुट्टी लागली की जंगल गाठत. बावन्न सालच्या कार्तिकात ते या नाक्यावर उतरले होते. नाक्यामागच्या टेकडीवर रानकोरांटी फुलली होती. अंगणातल्या पिवळ्या कोरांटीची ही रानातली बहीण. फूल जांभळं, पानं रुंद, आणि फुलाखालच्या हिरव्या पात्यांच्या कडेला बारीक काटे. नऊ वर्षांच्या नूरीनं सरांसाठी ओढणीत भरून फुलं आणली. त्यात एक डहाळी निराळी होती. फूल पांढरं, घशात एक जांभळी रेघ, पानं करंगळीएवढी अरुंद.

"हे दुसरं हाये," नूरी सरांना म्हणाली. "हे टोचत नाई."

सरांनी भिंग काढून पाहिलं, तर पात्यांना खरंच काटे नव्हते. ही गोष्ट सर आम्हाला वर्गात दहा वेळा सांगायचे. "आम्ही चष्मे लावून बसलो होतो आणि पोरीनं बोटानं ओळखलं," म्हणायचे, आणि दरवेळी तितकेच खूश व्हायचे.

पुढच्या पावसाळ्यात नूरी हिवतापानं गेली. बैलगाडी अहेरीच्या दवाखान्याला पोचण्याआधी ती रस्त्यातच गेली. सरांना हे पत्रानं कळलं. चोपन्न साली त्यांनी ती पांढरी कोरांटी नवी जात म्हणून छापली आणि तिला पोरीचं नाव दिलं. लॅटिन नावात दोन शब्द असतात. पहिला सगळ्या कोरांट्यांचा, दुसरा 'नूरिए', म्हणजे नूरीची. छापलेलं पान त्यांनी नाक्यावर पाठवून दिलं.

दोन वर्षांनी या नावावर शंका आली. दक्षिणेतल्या एका संग्रहालयातून सरांना पत्र आलं, सोबत वाळवलेल्या चार डहाळ्या. पानं नूरीच्या झाडासारखी अरुंद, काटे मात्र अर्धेमुर्धे, आणि फूल धड पांढरं ना धड जांभळं. आता हिला कुठल्या कप्प्यात घालायची? सरांनी नवी जात ठरवली होती ती एका डहाळीवरून. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण त्यावरून भात शिजलाय की नाही तेवढंच कळतं. हंडीत किती जातींचे तांदूळ आहेत ते एका शिताला विचारून भागत नाही.

सरांचं हृदय तेव्हा दुबळं झालं होतं. त्यांनी मला बोलावलं. "गुणवंत, तू जा. टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिंजून काढ. जात एकच निघाली तर माझं नाव बुडू दे, मला त्याचं काही नाही. पण एक कर. नूरुद्दीनला आधी सांग. झाडाला हात लावण्याआधी सांग."

मी "हो सर" म्हणालो. सव्वीस वर्षांचा होतो, डोक्यात पीएच.डी. होती, आणि 'हो' म्हणायला मला कधी उशीर होत नसे.

छप्पनच्या नोव्हेंबरात मी नाक्यावर पोचलो. राज्यांची नवी वाटणी होऊन पंधरवडाही झाला नव्हता, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता. नूरुद्दीनभाऊंनी माझी पेटी उतरवून घेत पहिली बातमी तीच दिली.

"आमी इथंच बसलो होतो साहेब, हललो बी नाई, अन् राज्य बदलून गेलं. कागदावर नाव बदललं की मानूस बी बदलते का?"

मी हसलो. तेव्हा सांगायला हवं होतं. विषय त्यांनीच काढून दिला होता, मला फक्त पुढे बोलायचं होतं. पण मी मनात म्हटलं, आत्ताच आलोय, हातपाय तर धुऊ.

हातपाय धुऊन आत गेलो तर समोरच्या भिंतीवर फ्रेम. सरांनी पाठवलेलं छापील पान काचेत बसवलेलं, मागे पुठ्ठा, कडेला कापडाची पट्टी, चारही कोपरे बिनचूक कापलेले. बाइंडराच्या मुलाचं काम. 'नूरिए' या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"पोरीले शाळेत घातलंच नव्हतं," ते म्हणाले. "हजेरीत नाव नाई, कुठच्या कागदात नाव नाई. कबर मातीची, दर पान्यात बसून जाते, मी पुन्हा माती टाकतो. तिचं नाव लिवलेलं हे एवढंच ठिकान हाये, साहेब."

त्यांची बायको जाहिदाबी चुलीपाशी होती. ती फ्रेमकडे न बघता म्हणाली, "रोज पुसती मैं." मग तिनं भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. मी जेवलो. त्या घरात मी पुढे वीस दिवस जेवलो. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, मी मीठ खात गेलो आणि गप्प राहिलो.

का सांगितलं नाही? इतकी वर्षं मी स्वतःला निरनिराळी उत्तरं देत आलोय. कधी म्हणतो, अजून काही सिद्ध झालं नव्हतं, उगाच त्या माणसाला का दुखवा. हे उत्तर दिसायला फार सभ्य आहे. खरं उत्तर असं, की मला भीती वाटली. सांगितलं तर हा माणूस टेकडीवर येणार नाही, आला तर मधली झाडं दाखवणार नाही, आणि ती टेकडी त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. माझा प्रबंध त्याच्या पायांवर उभा होता.

कामाची रीत साधी होती. नाल्याच्या काठापासून माथ्यावरच्या कातळापर्यंत सुतळी धरायची, दर वीस पावलांवर जे कोरांटीचं झाड येईल त्याची डहाळी घ्यायची. आवडीनिवडीचं काम नाही. सुतळीवर येईल ते झाड. मग जुन्या वर्तमानपत्रात घालून फळ्यांमध्ये आवळायचं आणि रोज कागद बदलायचे. प्रत्येक डहाळीला चिठ्ठी: जागा, तारीख, फुलाचा रंग, कारण रंग वाळल्यावर उडतो. खाली गोळा करणाऱ्याचं नाव. जी डहाळी ज्यानं आणली तिच्यावर त्याचंच नाव घालायचं, हा सरांचा दंडक होता. नूरुद्दीनभाऊंना त्याचा फार अभिमान. चिठ्ठ्या ते स्वतः लिहीत, इंग्रजी अक्षरं एकेक करून, जीभ ओठांत धरून.

चार दिवसांत मला चित्र दिसायला लागलं. नाल्याकाठी सावलीत रुंद पानं, जांभळी फुलं, भरपूर काटे. माथ्यावर उन्हात, कातळाच्या भेगांत, नूरीची पांढरी. आणि मधे पायऱ्या. प्रत्येक वीस पावलांवर पान थोडं अरुंद, काटा थोडा कमी, फूल थोडं फिकं. कुठेही रेघ मारून 'इथे एक संपली, इथे दुसरी लागली' असं म्हणायची सोय नव्हती. झाड एकच होतं, जागेप्रमाणे रूप बदलत होतं.

तरी मला एक पुरावा हवा होता. पायऱ्या म्हणजे दोन जातींचा संकर असेल असं कुणीही म्हटलं असतं. एकाच मुळावर दोन्ही रूपं मिळाली तर मात्र बोलणाऱ्याचं तोंड बंद. मी हे नूरुद्दीनभाऊंना सांगितलं. म्हणजे नेमकं काय शोधायचं ते सांगितलं आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी ते टेकडीवरून जवळजवळ पळत आले. खांद्यावर ओलं गोणपाट, त्यात मुळासकट झुडूप. माती सुटू नये म्हणून आपला फेटा सोडून मुळाला गुंडाळला होता. सागाच्या झाडाखाली अर्धं सावलीत, अर्धं उन्हात वाढलेलं झुडूप होतं. सावलीकडच्या फांदीवर रुंद पानं, काटे, जांभळं फूल. उन्हाकडच्या फांदीवर अरुंद पानं, गुळगुळीत पाती, पांढरं फूल, घशात जांभळी रेघ. खोड एक, मूळ एक.

"पाहा साहेब!" त्यांना धाप लागली होती. "एकाच झाडावर दोनी! म्हन्जे हे बी नूरी अन् थे बी नूरी! नाल्यापासून डोंगरापावतर सारी नूरीच! बापा, केवढी मोठी झाली माही पोरगी!"

आमच्या धंद्यात एक कायदा आहे. दोन जाती एकच निघाल्या की जुनं नाव राहतं आणि नवं जातं. जांभळ्या कोरांटीचं नाव शंभर वर्षांहून जुनं होतं, नूरीचं दोन वर्षांचं. नूरुद्दीनभाऊंनी गोणपाटात गुंडाळून जे आणलं होतं, त्यानंच भिंतीवरचं नाव बाद होणार होतं. आणि ते माझ्याकडे असे बघत होते, की जणू पोरगी परीक्षेत पहिली आलीय आणि निकाल माझ्या हातात आहे.

मी म्हणालो, "हो. मोठी झाली."

जाहिदाबीनं त्या दिवशी गूळ घालून शेवया केल्या. मी दोनदा मागून घेतल्या. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

नागपूरला परतलो. सरांनी अंथरुणावरूनच ते झुडूप पाहिलं. वाळवून दोन कागदांवर बसवलं होतं, एकावर मावलं नाही. "सुंदर काम," म्हणाले. "माझी चूक होती. नूरुद्दीनला सांगितलंस ना?"

"हो सर."

पुढच्या वैशाखात सर वारले. अठ्ठावन्न साली माझा लेख छापून आला. एक जात, अनेक रूपं, चार नावं बाद, त्यांत एक 'नूरिए'. परदेशातून दोन पत्रं आली, दोन्ही कौतुकाची. लेखाच्या शेवटी मी नूरुद्दीनभाऊंचे आभार मानले होते. तो लेख मी त्यांना मात्र पाठवला नाही. दोनदा पाकिटावर पत्ता लिहिला आणि दोन्ही वेळा पाकीट टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, हर्बेरियमच्या दारात नूरुद्दीनभाऊ उभे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर, लाकडी कपाटांची एक लांब खोली, डांबराच्या गोळ्यांचा वास. मागे जाहिदाबी, नव्या चादरीत. सोबत वर्तमानपत्राचा एक गठ्ठा. यंदाच्या फुलांच्या डहाळ्या आठवणीनं आणल्या होत्या.

"हिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला," ते म्हणाले. "डॉक्टरले दाखवाले आनलं. हे म्हनते, दिसते तवापावतर एकदा पोरीचं नाव ठेवलं थे ठिकान पाहू द्या. दाखवता का साहेब?"

नाही कसं म्हणणार? मी कपाट उघडलं, कोरांटीचा पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. वरचाच कागद सरांचा, नूरीनं ओढणीतून आणलेल्या डहाळीचा. उजव्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर 'नूरिए'. त्याखाली दुसरी चिठ्ठी, नवीकोरी, माझ्या अक्षरातली. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत, खोडतही नाहीत. चुकीची असली तरी राहू देतात, आणि तिच्याखाली बरोबर नावाची दुसरी चिकटवतात.

नूरुद्दीनभाऊंनी वरची चिठ्ठी वाचली. मग खालची वाचायला घेतली, एकेक अक्षर, जीभ ओठांत धरून. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे दुसरं नाव कोनाचं?"

मी सांगितलं. जे टेकडीखाली वीस दिवसांत सांगायचं होतं ते दोन मिनिटांत सांगून झालं. कायदा सांगितला, जुन्या नावाचं साल सांगितलं.

"कोनत्या झाडानं ठरलं?" त्यांनी विचारलं.

मला दुसरा कुठलाही कागद दाखवता आला असता. पण तेवढं खोटं माझ्याकडे उरलं नव्हतं. मी ते दोन कागद काढून समोर ठेवले. रुंद पानांची फांदी, अरुंद पानांची फांदी, मधे एकच मूळ. खाली चिठ्ठी: सागाखाली, अर्धी सावली, अर्धं ऊन. गोळा करणारा, शेख नूरुद्दीन. अक्षर त्यांचं स्वतःचं.

त्या मुळाशी थोडी माती अजून चिकटलेली होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"क्या हुआ?" जाहिदाबीनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि आता धड दिसतही नव्हतं. "नहीं है क्या नाम?"

नूरुद्दीनभाऊंनी सरांचा कागद पुढे ओढला. डावा तळवा सपाट करून माझ्या चिठ्ठीवर ठेवला, अगदी पुरती झाकली जाईल असा, आणि उजव्या हाताचं बोट सरांच्या चिठ्ठीवर नेलं. "है ना. ये देखो. नूरी. अंग्रेजी में लिखा है."

तिनं वाकून पाहिलं. मग अक्षरं सोडून वाळलेल्या डहाळीवर हलकेच बोट फिरवलं, फुलाखालच्या पात्यांच्या कडेनं. आमच्याकडे नमुन्याला कुणाला हात लावू देत नाहीत. मी तिला लावू दिला.

"हाँ, यही है," ती म्हणाली. "टोचता नहीं."

ती भिंतीला धरून जिना उतरायला लागली. नूरुद्दीनभाऊ मागे थांबले. आणलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला, त्याची सुतळी नीट केली.

"घरची फरेम भितीवर राह्यली त चालन ना साहेब? का कायद्यानं काढाव लागते?"

"राहू द्या," मी म्हणालो. "भाऊ, मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सांगतलं असतं तरी थे झाड मी आनलंच असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "झाड जसं हाये तसंच लिवाव लागते, थे मले खानझोडे साहेबानंच शिकवलं. कुदळीनं उकरताना दोन घटका रडलो असतो, मंग घेऊन आलो असतो. तुमाले का वाटलं साहेब, मी थे झाड लपवलं असतं?"

मला तसंच वाटलं होतं. 'हो' म्हणायला मी आयुष्यात कधी उशीर केला नव्हता, एवढ्या एका वेळी मात्र तो शब्द तोंडातून फुटला नाही. ते जाहिदाबीला हात द्यायला खाली उतरून गेले.